ओढ्यावरचा तह

आमच्या गावच्या ओढ्यापलीकडे परदेश होता. यात फुशारकी काही नाही, नकाशाच तसा होता. ओढ्याच्या अलीकडे आमचं संस्थान, पलीकडे दुसऱ्या राजांचं, आणि दोन्हींच्या आजूबाजूला इंग्रजांचा सातारा जिल्हा. कुंडलच्या बाजाराला निघालेला माणूस वाटेत कुणाकुणाच्या राज्यातून जातो हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसायचं. ओढा तर एवढासा, की उन्हाळ्यात आमची शेळी खूर न भिजवता परदेशात जाऊन चरून यायची. तिला कुणी कधी अडवलं नाही.

चाळीस सालानंतरच्या या गोष्टी. दूर कुठंतरी लढाई चालू होती, गावात रॉकेल मिळत नव्हतं, आणि आमच्या राजांनी कारभार रयतेच्या हाती सोपवला होता. गावोगाव पाच पंच निवडायचे आणि त्यांच्यातला एक अध्यक्ष करायचा, असा कायदा झाला. आमच्या गावानं अध्यक्ष केलं माझ्या वडिलांना. आबा पलटणीतून हवालदार होऊन परतले होते आणि सगळं गाव त्यांना हवालदारच म्हणायचं. त्यांना निवडायचं मुख्य कारण त्यांचा आवाज. तो ओढ्यापलीकडे सहज ऐकू जायचा, आणि आमची सगळी भांडणं ओढ्यापलीकडच्या लोकांशीच होती.

आबांना हुकूम पाळता यायचा आणि हुकूम सोडता यायचा. दोन्ही कामांत ते तरबेज होते. कुणाला काही विचारणं हे तिसरं काम पलटणीत शिकवत नसावेत.

मी तेव्हा सातवी पास होऊन गावातच मुलींचा वर्ग घेत होते. वर्ग भरायचा चावडीला लागून असलेल्या खोलीत. मधली भिंत कुडाची होती, त्यामुळे पंचायतीची सभा असली की माझ्या मुलींचे पाढे पंचांना ऐकू जायचे आणि पंचांची भांडणं माझ्या मुलींना. मला त्या जूनमध्ये सांगलीला ट्रेनिंगला जायचं होतं. ट्रेनिंग झालं की कायमची मास्तरीण होता येत होतं. मी आबांच्या कानावर ते घातलं होतं. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आमच्या घरात याला परवानगी समजायचे, निदान मी तरी तसं समजून पेटी पुसून ठेवली होती.

आता बांधाचं सांगायला हवं. पाऊस सरला की आमचं गाव ओढ्यात दगडमातीचा कच्चा बांध घालायचं आणि पाणी पाटानं आपल्या रानात घ्यायचं. पलीकडचं गाव खालच्या अंगाला होतं. आम्ही बांध घातला की त्यांच्याकडे नुसता चिखल उरायचा. मग ते लोक येऊन बांध फोडायचे, आमचे लोक परत घालायचे, आणि मधल्या वेळेत चारदोन डोकी फुटायची. हे दरवर्षी ठरल्यासारखं चालायचं. आबांचा ऊस पाटाच्या तोंडाशीच होता. पलटणीतून आल्यावर त्यांनी ते रान स्वतः खणून काढलं होतं, आणि रोज संध्याकाळी ते उसाच्या कडेनं एक फेरी मारायचे. उसाशी ते जितकं बोलायचे तितकं घरात कुणाशी बोलायचे नाहीत.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर आबा फेटा बांधून एकटेच ओढ्यापलीकडे गेले. पलीकडच्या पाटलांना भेटले. दोघेही पलटणीत गेलेल्या घरातले, त्यामुळे बोलणी भराभर झाली. आठवड्यातले चार दिवस पाणी आमचं, तीन दिवस त्यांचं. बांध दोन्ही गावांनी मिळून घालायचा, फोडायचा कुणीच नाही. ओढ्याकाठी बिरोबाचं देऊळ आहे, तिथं जाऊन दोघांनी बेल-भंडार उचलला. देवासमोर भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. मोडला तर काय होतं हे कुणाला माहीत नाही, कारण कुणी मोडून बघितलेलंच नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण पाटील धोरणी माणूस. ते म्हणाले, हवालदार, तुम्ही आहात तोवर शब्द आहे, तुमच्यामागं काय? सोयरीक झाली तर आपल्याच सोयऱ्याचा बांध कोण फोडणार? त्यांचा पुतण्या लग्नाचा होता. आबांची मुलगी लग्नाची होती. आबांनी तिथंच सुपारी फोडली. पाण्यालाही तीच सुपारी आणि मलाही तीच. दोन सुपाऱ्या आणाव्यात असं त्या दोघांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी आबा घरी आले आणि हातपाय धुता धुता म्हणाले, "वैशाखात लगीन धरलंय हिचं. पलीकडच्या पाटलाच्या पुतण्याशी."

आई चुलीपुढं भाकरी थापत होती. ती थांबली नाही. मीच म्हणाले, "आबा, माजं ट्रेनिंग?"

"पान्याचं ठरलंय," आबा म्हणाले. जणू यात सगळं आलं.

मुलगा वाईट नव्हता. मी त्याला एकदाच पाहिलं होतं, त्या वेळी तो आमचा बांध फोडत होता. काम मन लावून करत होता.

रात्री जेवणं झाल्यावर मी आईजवळ बसले आणि म्हटलं, तू तरी काही बोल. आई म्हणाली, "मला कुनी इचारलंय?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस पडतोय की नाही हे सांगावं तसं तिनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चावडीत पंच बसले. आबांनी आपला तह सांगितला आणि शाबासकीची वाट बघत थांबले. पंचांत एक जैन शेतकरी होते, आप्पा म्हणायचे त्यांना. त्यांची हळद सांगलीच्या पेठेत जायची. संस्थानच्या कायद्याचं छापील पुस्तक गावात त्यांच्याकडेच होतं आणि ते त्यांनी खरोखर वाचलेलं होतं, हा त्यांच्याबद्दलचा गावाचा मोठा आक्षेप होता.

आप्पा म्हणाले, "हवालदार, बोलनी केली त्ये बेस केलं. पन शब्द कुनाच्या नावानं दिला?"

"गावाच्या."

"गावाला इचारलं व्हतं?"

"आध्यक्ष कोन हाय? मी का तुमी?"

"तुमीच. पन आध्यक्षानं बोलनी करायची, पंचांनी मान्य करायचं, आनि मग गावसभेनं हात वर करायचं. तवा त्यो तह. तवर नुसत्या गप्पा."

"म्हंजे मी आध्यक्ष हाय का वरवंटा?" आबांचा आवाज इतका चढला की माझ्या वर्गातल्या मुली तेराच्या पाढ्यात तेर सातीवर अडकून बसल्या. "बेल-भंडार उचललाय मी. देव काय तुमच्या सभंत हात वर कराय येनार हाय व्हय?"

"देव तुमाला धरील," आप्पा शांतपणे म्हणाले. "गावाला धरनार न्हाई."

मी मुलींना घरी सोडलं आणि कुडाला कान लावून बसले. आयुष्यात कायद्याचं एखादं कलम इतकं गोड लागल्याचं मला आठवत नाही. अध्यक्षाला एकट्याला शब्द देता येत नाही. म्हणजे तह नाही. तह नाही म्हणजे सुपारी नाही. मी मनात सांगलीची गाडी धरली सुद्धा.

जेवताना मी तेच आबांपुढं मांडलं. "आबा, सुपारी येकच फोडलीया न्हवं? मग तह मंजूर हुईस्तवर तीबी मंजूर न्हाई."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ढेकळानं तोंड उघडलं असतं तरी त्यांना एवढं नवल वाटलं नसतं. "ह्ये घर हाय," ते म्हणाले. "हितं पंचायत न्हाई."

गावसभा ठरली. तोवरच्या दिवसांत मी आप्पांच्या घरी जाऊन त्यांना सांगितलं, की आप्पा, काही झालं तरी माघार घेऊ नका. आप्पा हळदीचे वाफे बघून आले होते, पाय मातीनं माखलेले. ते म्हणाले, "कायदा म्हंजे कायदा, पोरी. त्यात माघार कशाची?" मी निर्धास्त होऊन परतले. त्यांचं हळदीचं रान पाटाच्या अगदी शेपटाला होतं आणि पाणी तिथवर पोचेपर्यंत आटायचं, हे मला माहीत होतं. त्याचा माझ्या लग्नाशी काही संबंध असेल असं मात्र मला वाटलं नाही.

सभा देवळापुढच्या पारावर भरली. पुरुष पिंपळाखाली, बायका देवळाच्या खांबांमागं. आमच्या कायद्यात वय भरलेल्या बायकांनाही हात वर करायचा अधिकार होता. तो कुणी वापरला नव्हता. बायका सभेला यायच्या, पण कोणाची सून किती जाड झाली हे बघायला.

आबांनी तह वाचावा तसा म्हणून दाखवला. आप्पा उठले. आप्पा म्हणाले, "पाटाच्या तोंडाकडनं पाळी सुरू केली तर शेपटाला पानी येत न्हाई. पयली पाळी शेपटाला द्यावी, अशी माजी दुरुस्ती हाय."

"दिली," आबा म्हणाले.

"मग माजी काय हरकत न्हाई," आप्पा म्हणाले आणि खाली बसले.

एवढ्यावरच भागलं. माझी सगळी भिस्त ज्या माणसावर होती तो माणूस हळदीला पाणी मिळताच मांडी घालून बसला. वर कुणीतरी पुरुषांतून विचारलं, सोयरिकीचं काय, तीही यातच का? आप्पा बसल्या जागेवरून म्हणाले, सुपारी एकच फोडलेली आहे, तेव्हा कलमं सुटी करता येणार नाहीत, सगळा तह एकदम मताला टाकावा लागेल. कायदा म्हणजे कायदा.

"बाजूनं कोन?" आबांनी विचारलं.

सगळ्या पुरुषांचे हात वर गेले. माझ्या बारशाला घुगऱ्या खाल्लेले लोक होते त्यात. माझ्या वर्गातल्या मुलींचे बाप होते. चुलते होते. मी त्यांना कुठून पाणी देणार होते? त्यांच्या उसाला, मिरचीला पाणी हवं होतं, आणि ते एका मुलीच्या बदल्यात मिळत होतं, तेही दुसऱ्याच्या मुलीच्या. त्यांचं काय चुकलं असं अजूनही लोक मला विचारतात. मला त्यांचा तेव्हा राग आला, आणि तो गेलेला नाही. अध्यक्षानं मला एकट्यानं दिलं तर तो कायद्याचा भंग, आणि सगळ्या गावानं मिळून दिलं की मंजुरी, एवढाच फरक मला त्या दिवशी कळला.

"बाजूनं" विचारलं की "विरोधात" हेही विचारावंच लागतं, असं आप्पांनी आबांकडून आधी घोकून घेतलं होतं. आबांनी फेटा नीट करत, कवायतीतला हुकूम सोडावा तसं विचारलं, "इरोधात कोन हाय?"

मी हात वर केला.

"पोरीचं वय बसत न्हाई," आप्पा म्हणाले. मी हात खाली घेतला. सभेत थोडं हसू झालं.

हसू थांबलं तरी आप्पा माझ्या मागंच बघत होते. मग ते म्हणाले, "हवालदार, आजून येक हात हाय."

"कुनाचा?"

"घरचाच हाय तुमच्या."

मी वळून पाहिलं. खांबामागून आईचा हात वर आला होता. डोक्यावरचा पदर नीट होता, मान खाली होती, आणि हिरव्या बांगड्या कोपराकडे घसरल्या होत्या. शेजारच्या बायका तिच्यापासून थोड्या सरकल्या होत्या. आबांनी मोजणी सांगेपर्यंत तिनं हात तसाच ठेवला.

आबांना मोजणी सांगावीच लागली. "इरोधात येक," ते म्हणाले. ओढ्यापलीकडे जाणारा त्यांचा आवाज त्या दिवशी पिंपळाच्या सावलीबाहेर गेला नाही. तह मंजूर झाला. लोक उठून बांधाच्या गोष्टी करत घरी गेले.

आम्ही तिघं घरी आलो. आईनं चूल पेटवली. आबा फेटा न काढता उंबऱ्याशी बसून राहिले. मग म्हणाले, "चारचौघांत हात वर केलास. घरात बोलायचं व्हतं."

"घरात इचारलं कवा?" आई म्हणाली. तिचा हात भाकरीवरच होता. "आवं, सभंत तुमी इचारलं. इरोधात कोन हाय म्हनून. लगीन होऊन आल्यापास्नं पयल्यांदाच इचारलंत. मग खरं काय ते सांगाया नको?"

त्यांच्या पानात भाकरी पडली, ती त्यांनी खाल्ली. मी त्या रात्री आईच्या कुशीत शिरून झोपले. इतकी मोठी झाल्यावर असं करायची आमच्यात पद्धत नव्हती.

सकाळी आबांनी पलटणीतला जुना कोट घातला, फेटा बांधला आणि ते ओढा ओलांडून गेले. मी परड्यातून बघत होते. जाताना त्यांनी बिरोबाच्या देवळासमोर पायातलं काढलं, आत गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. दुपारी परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर भंडारा होता. सोप्यात बसून पाणी प्याले आणि मला म्हणाले, "सांगलीला जायाचं तर सामान काय काय लागतंय?"

मी सामान सांगितलं. एक सतरंजी, एक कंदील, दोन लुगडी, पेटी आहेच. आबांनी मान हलवली. सुपारीचं काय झालं हे विचारायचा मला धीर झाला नाही, आणि त्यांनीही ताकास तूर लागू दिली नाही.

पुढच्या बैठकीत आप्पांनी कुडापलीकडे या वेळी आवाज चढवला. गावसभेनं मंजूर केलेल्या तहातलं कलम अध्यक्षाला एकट्यानं काढता येत नाही, त्यासाठी पुन्हा सभा घ्यावी लागते, हवालदारांनी आधी न विचारता दिलं आणि आता न विचारता काढून घेतलं, ही दोन्ही वेळेस बेकायदा कृती आहे. आप्पांचं बरोबर होतं. कायद्याच्या बाबतीत ते नेहमीच बरोबर असायचे.

"मग मला काढा," आबा म्हणाले.

कुणी काढलं नाही. पाणी येत होतं. बांध दोन्ही गावांनी मिळून घातला, आप्पांच्या हळदीला पहिली पाळी मिळाली, आणि त्या वर्षी एकही डोकं फुटलं नाही. वैशाखात पाटलांच्या पुतण्याचं दुसरीकडे लग्न झालं. आमच्या घरी आमंत्रण होतं. आबा जाऊन पोटभर जेवून आले आणि मुलगा चांगला आहे म्हणाले.

जूनमध्ये मी सांगलीला गेले. सांगलीचं मी फार सांगत नाही. पेठेतून जाताना हळदीच्या पोत्यांचा वास यायचा आणि मला आप्पांची आठवण होऊन चीड यायची. संध्याकाळी आम्ही मुली कृष्णेच्या घाटावर बसायचो. घरून दर महिन्याला कुणाच्या तरी बैलगाडीतून पीठ यायचं. गुऱ्हाळ झाल्यावर आमच्या उसाचा गूळही येईल असं मी मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं. आबांच्या उसाची मी बरीच बढाई मारली होती.

दिवाळीला घरी आले. गाडीतून उतरून पाटाच्या कडेनं चालत निघाले आणि आमच्या रानापाशी येऊन वाट चुकली की काय असं वाटून थांबले. ऊस नव्हता. जिथं ऊस उभा असायचा तिथं गुडघाभर शाळू जोंधळा होता. पाटाला पाणी वाहत होतं, पण आमच्या रानाकडे वळणारं तोंड मातीनं बुजवलेलं होतं आणि त्यावर गवतही उगवलं होतं. पाणी तसंच पुढं ओढ्याकडे जात होतं. आबा नेहमीसारखी फेरी मारत होते, शाळूच्या कडेनं.

"आबा, ऊस कुटं गेला?"

"तोडीनंतर फुटल्याला खोडवा तू गेल्यावर मोडला. आपली पाळी पलीकडं दिली." त्यांनी पायानं एक ढेकूळ फोडलं. "शब्द दिला व्हता देवाम्होरं. सुपारी परत घ्यायची तर बदली कायतरी द्यावं लागतंय. शाळूला काय, पान्याची गरज न्हाई. वलीवर येतोय."

राग आला की माया आली हे कळेना. तोंडातून भलतंच गेलं. मी म्हटलं, "पंचांना इचारलं व्हतं?"

"माजं रान, माजी पाळी. पंचांना कशापायी इचारू?" आबा म्हणाले. मग शाळूकडेच बघत, हळू आवाजात म्हणाले, "तुज्या आयला इचारलं."

"मग? आय काय म्हनली?"

"म्हनली, द्या. पन भाजीला येक वाफा ठेवा."

बांधाच्या कोपऱ्यात खरंच एक वाफा होता. आईनं ओढ्यातून घागरीनं पाणी आणून जगवलेली वांगी होती त्यात, चांगली लगडलेली. मी तिथंच वाफ्याच्या कडेला बसून रडले. माझी पिशवी आबांनी उचलून खांद्याला लावली आणि माझं होईपर्यंत उभे राहिले.